लेबलावरचा डोंगर

टाचणीकाकांना कोणी त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारली, तर दुसऱ्या कोणाला तरी बोलावताहेत असं समजून ते पुढे चालू पडत. चौतीस वर्षं कीटकसंग्रहालयात काढल्यावर माणसाचं आणखी काय होणार? संग्रहालय म्हणजे विज्ञानसंस्थेच्या तळमजल्यावरच्या तीन लांबट खोल्या. छतापर्यंत लाकडी कपाटं, कपाटांत खण, आणि खणांत टाचण्यांना टोचलेले किडे, कवायतीला उभे केल्यासारखे ओळीने. सगळीकडे डांबराच्या गोळ्यांचा वास. तो काकांच्या अंगात इतका मुरला होता की त्यांच्या कपड्यांना कधी कसर लागली नाही, आणि बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा कायम रिकामी राहायची.

काम सांगायला सोपं होतं. किडा टोचायचा, वाळवायचा, आणि त्याच्या खाली नखाएवढ्या कागदावर लिहायचं: कुठे सापडला, कधी सापडला, कशावर सापडला, कोणाला सापडला. नव्या विद्यार्थ्यांना वाटायचं, किडा महत्त्वाचा. काका लगेच उसळायचे. "लेबल नसलेला किडा म्हणजे नुसता मेलेला किडा. केराच्या टोपलीत असले पुष्कळ मिळतील. लेबल लागलं की तो साक्षीदार होतो." मग ते भिंग पुढे करून आपलं अक्षर दाखवायचे. अक्षर असं, की मुंगीनेसुद्धा वाचायला चष्मा लावावा, पण एकेक वेलांटी जागच्या जागी. टाचणीकाकांचं लेबल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं सगळे म्हणत. अशी चाळीस हजार लेबलं त्यांनी लिहिली होती.

त्यातलं एक खोटं होतं. हे फक्त काकांना माहीत होतं, आणि गेली एकतीस वर्षं ते विसरण्याचं काम त्यांनी ऑफिसच्या कामाइतक्याच नेटाने केलं होतं.

ते बाहेर निघालं फोटोंमुळे. संग्रहालयाच्या प्रमुख म्हणजे मॅडम. अठरा वर्षांपूर्वी विद्यार्थिनी म्हणून आल्या तेव्हा टाचणी कशी धरायची हे त्यांना काकांनीच शिकवलं होतं, आणि पहिल्याच दिवशी मॅडमनी तीन भुंगे मोडले होते. पुढे त्या प्रमुख झाल्या, काका त्यांना मॅडम म्हणायला लागले, आणि भुंग्यांचा विषय काढायचा नाही हे न बोलता ठरून गेलं. या मॅडमनी वर्षभर खपून एकेका खणाचे फोटो काढवून घेतले आणि जगाला बघता येतील असे इंटरनेटवर टाकले. काकांना ते कौतुकाचं वाटलं होतं. आपलं अक्षर आता साता समुद्रापार दिसणार म्हणून त्यांनी दोन-चार जुनी पिवळी लेबलं मऊ ब्रशने झटकूनही दिली होती. हौस दांडगी, दुसरं काय!

महिन्याभराने समुद्रापलीकडच्या एका प्रयोगशाळेतून पत्र आलं. तिकडच्या चार-पाच देशांत कसावा नावाचा कंद खाऊन लाखो माणसं जगतात. त्या पिकावर पिठ्या ढेकूण पडला होता. हा ढेकूण म्हणजे झाडाला कापूस चिकटल्यासारखा दिसणारा पांढरा किडा. तो रस शोषतो आणि झाड आहे त्या जागी सुकतं. किडा मुळात इकडचा. कुठल्या तरी रोपाबरोबर जहाजातून तिकडे गेला होता. इकडे तो कधी माजत नाही, कारण इकडे त्याच्या पोटात अंडं घालून त्याला आतून फस्त करणारी एक इवलीशी गांधीलमाशी आहे. तिकडे ती नाही. थोडक्यात, चोर जहाजात बसून गेला आणि पोलीस धक्क्यावरच राहिला. ती माशी कोणती, कुठे मिळते, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि आता फोटोंमध्ये एका खणात, एकाच टाचणीवर, कागदाच्या टोकाला डिंकाने चिकटवलेल्या तीन माश्या त्यांना दिसल्या होत्या. खाली टाचणीकाकांच्या हातचं लेबल: डोंगराचं नाव, पूर्वेचा उतार, तारीख, जास्वंद, पिठ्या ढेकणातून बाहेर आली. जगात या माशीचा तेवढाच पुरावा होता.

मॅडम पत्र हातात घेऊन धावतच आल्या. "काका! तुमची माशी! तुमच्या डोंगरावरची!"

काकांनी लेबल पाहिलं. चाळीस हजारांतलं नेमकं तेच होतं.

आता तो डोंगर. एकतीस वर्षांपूर्वी काका नोकरीत नवे होते, अजून कायम झालेले नव्हते. तेव्हाचे प्रमुख म्हणजे मोठे साहेब. माणूस शिस्तीचा, कमी बोलणारा, आणि चष्म्यावरून बघायला लागला की समोरच्याला आपण लहानपणी केलेल्या चुकाही आठवाव्यात असा. साहेबांनी काकांना आठ दिवस डोंगरावर किडे गोळा करायला एकट्याला पाठवलं. घरी बायकोचे दिवस भरत आले होते. डॉक्टरांनी अजून पंधरा दिवस सांगितले होते, पण काकांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दोन दिवस त्यांनी झाडंझुडपं झोडपली, बाटल्या भरल्या, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे कोणालाही न सांगता पहिली बस पकडून घरी आले. एकदा डोळ्यांनी बघायचं आणि उलट पावली परत जायचं, असं ठरवून.

बायको मागच्या अंगणात कुंड्यांपाशी उभी होती. त्यांना बघून तिचा चेहरा असा उजळला की काकांना काही सुचेना. "साहेबांनी सोडलं तुम्हाला?" तिने विचारलं. काकांच्या तोंडून निघून गेलं, "हो."

बस, तेवढंच. एक अक्षर. मग तिने लगेच त्यांना कामाला लावलं. "आलाच आहात तर हे बघा. माझ्या जास्वंदीला कसला कापूस लागलाय, आणि त्याच्याभोवती खसखशीएवढं काहीतरी उडतंय. दोन दिवस बघतेय मी." काकांनी वाकून पाहिलं, फांदी तोडली, काचेच्या बरणीत घातली, वर तलम कापड बांधलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बरणीत तीन माश्या होत्या, पितळेच्या रंगाच्या, कधी न पाहिलेल्या. आणि त्याच सकाळी बायकोच्या पोटात दुखायला लागलं. संध्याकाळपर्यंत काका एका मुलीचे बाप झाले होते.

डोंगरावर ते परत गेलेच नाहीत. आठव्या दिवशी पहिल्या दोन दिवसांच्या बाटल्या घेऊन ऑफिसात हजर झाले. त्या तीन माश्या फेकून दिल्या असत्या तर प्रश्नच मिटला असता. पण फेकवेनात. इतक्या देखण्या होत्या. आणि खरं ठिकाण लिहावं तर त्या तारखेला स्वारी घरी होती हे स्वतःच्याच अक्षरात कबूल करणं. कायम व्हायला दोन महिने राहिलेले, घरात तान्हं मूल. काकांनी लेबलावर डोंगर लिहिला. तेव्हापासून ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं की त्या तारखेला काका डोंगरावर होते, आणि घरात सगळ्यांना माहीत होतं की त्या तारखेला काका दवाखान्यात पाळण्याशी उभे होते. या दोन गोष्टींची एकमेकींशी गाठ पडायचं काही कारण नव्हतं.

आता पडणार होती. मॅडम दोन संशोधकांना घेऊन डोंगरावर गेल्या. काकांनी त्यांच्या पिशवीत बरण्या भरून दिल्या, भिंग पुसून दिलं, आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. त्यांनी स्वतःची समजूत घातली, की माशी घरी होती तर डोंगरावरही असेल की! माशीला काय, पंख आहेत. पहिल्या आठवड्यात ही समजूत बरी चालली. दुसऱ्या आठवड्यात मॅडमचा फोन आला, की पूर्वेच्या उतारावर जास्वंदच नाही, तुम्ही नेमकं कुठे उभे होतात? काका म्हणाले, "आता इतक्या वर्षांनी..." आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ एका रिकाम्या खणाकडे बघत बसले.

तिसऱ्या आठवड्याअखेर मॅडम परत आल्या. काळवंडलेल्या, लंगडत, हात ओरबाडलेले. तिकडून निरोप आला होता, की आणखी पंधरा दिवस वाट बघू, मग विमानातून विषारी फवारणी सुरू करावी लागेल. ढेकूण मेणाच्या आवरणाखाली लपतो, तो त्यातूनही पुष्कळसा वाचेल. मरतील त्या मधमाश्या, आणि औषध उतरेल विहिरींत. हे सगळ्यांना कळत होतं, पण हातावर हात ठेवून उपाशी मरायचं कोणी?

काका त्या दिवशी घरी गेले ते जेवलेच नाहीत. नोकरीची भीती आता नव्हती. तीन महिन्यांनी निवृत्तच व्हायचं होतं. भीती वेगळीच होती. एक लेबल खोटं निघालं की बाकीच्या एकोणचाळीस हजार नऊशे नव्व्याण्णवांकडे लोक कोणत्या नजरेने बघणार? कोणीही म्हणेल, हाही डोंगर घरातलाच असेल. आयुष्यभर त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. ना बढतीच्या मागे धावले, ना कुठे नाव छापून आलं. होती ती एवढीच कमाई, नखाएवढ्या कागदांची, आणि ती आपल्याच तोंडाने मातीत घालायची होती.

सकाळी बायको शिवणयंत्रावर बसली होती. ती शाळांचे गणवेश शिवून देते, आणि समोर कोण बोलतंय यावर तिच्या यंत्राचा वेग कमी-जास्त होतो. काकांनी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. यंत्र हळू झालं, आणखी हळू झालं, आणि थांबलं.

"म्हणजे साहेबांनी रजा दिली नव्हती?"

"मागितलीच नव्हती."

"अहो, एकतीस वर्षं मी त्या माणसाचे गोडवे गातेय! साहेब असावा तर असा, म्हणून. पोरीला सांगितलं, जावयाला सांगितलं, भाजीवालीलासुद्धा सांगून झालं!"

"चुकलं माझं."

"चुकलं तर चुकलंच." तिने दोरा दाताने तोडला. मग एकदम तिचा हात थांबला. "पण मी तर त्यांचे आभार मानले होते. पोरीच्या पहिल्या वाढदिवसाला आले होते ना ते? तुम्ही खुर्च्या आणायला गेला होतात. मी म्हटलं, साहेब, तुम्ही सोडलंत म्हणून हे वेळेवर पोचले, नाहीतर मी एकटी होते त्या दिवशी."

काकांनी स्टूल तिच्याजवळ ओढलं आणि बसले. "मग? काय म्हणाले?"

"काही नाही. हसले, आणि आणखी थोडा चहा मागितला."

काकांच्या डोक्यात चक्रं फिरायला लागली. साहेब तर जाऊन बारा वर्षं झाली होती. बायकोने मात्र त्यांना चक्रं फिरवायला वेळ दिला नाही. "तिकडे लोकांची पिकं चालली आहेत आणि तुम्ही इथे मेलेल्या साहेबांचा विचार करत बसलात? उठा. शर्ट बदला. आणि त्या मॅडमना माझ्यासमोर सांगायचंय का एकटं जाताय?"

"एकटा जातो."

मॅडम पायाला पट्टी बांधत बसल्या होत्या. काकांनी दार लोटून घेतलं आणि उभ्यानेच सांगितलं. "मॅडम, त्या तारखेला मी डोंगरावर नव्हतो. त्या दिवशी माझी मुलगी झाली. माशी माझ्या घरची आहे."

मॅडमना आधी ते कळलंच नाही. मग कळलं.

"एकवीस दिवस, काका!" त्यांचा आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत गेला. "एकवीस दिवस मी त्या उतारावर रांगतेय! जळवांनी माझं इतकं रक्त प्यायलंय की आता त्या माझ्या नात्यात लागतात! आणि तुम्ही मला भिंग पुसून देत होतात?"

मॅडमनी पट्टीचं टोक खेचून गाठ मारली आणि खाली बघतच नेमकं तेच विचारलं ज्याची काकांना धास्ती होती. "आणि बाकीची लेबलं?"

"बाकीची खरी आहेत. एकूण एक."

"ते नंतर बघू," मॅडम म्हणाल्या. त्या 'नंतर बघू'ने काकांचं काळीज चिरलं. "आधी पत्ता सांगा."

त्या जुन्या घराचा पत्ता काकांना ठाऊक होता, झाडाचं काय झालं ते ठाऊक नव्हतं. ते बायकोला माहीत होतं. सव्वीस वर्षांपूर्वी ते भाड्याचं घर सोडताना जास्वंद कुंडीत मावेनाशी झाली होती, म्हणून तिने ती मागच्या भिंतीशी, पाण्याच्या टाकीजवळ जमिनीत लावून दिली होती. म्हणून आता बायकोलाही बरोबर घ्यावं लागलं. खरं तर ती चप्पल घालून तयारच बसली होती. रिक्षात ती मधे, एका बाजूला मॅडम, दुसऱ्या बाजूला काका. रस्ताभर मॅडमना ती मुलीचा जन्म साग्रसंगीत सांगत होती, आणि मॅडम रागावलेल्या असूनही मधेमधे "मग?" म्हणत होत्या.

त्या जागेत आता कपडे धुऊन इस्त्री करून देणारा एक माणूस राहत होता. मागच्या अंगणात दोऱ्यांवर चादरी वाळत होत्या. त्यांच्यामागे भिंतीच्या कडेने जास्वंद होती, एक नाही, फांद्या रुजून रुजून चांगली आठ-दहा हात कुंपणासारखी पसरलेली. इस्त्रीवाला म्हणाला, "फुलं चादरींवर पडून डाग पडतात. पुढच्या आठवड्यात तोडूनच टाकणार होतो. तुम्हाला हवंय तर सगळं घेऊन जा, वर चहा पाजतो."

काका पुढे झाले. एक फांदी पाहिली, दुसरी पाहिली, पानं उलटी केली. स्वच्छ. हिरवीगार, तुकतुकीत पानं, कापसाचा मागमूस नाही. झाडाचं इतकं चांगलं आरोग्य बघून कोणाला आजवर एवढं वाईट वाटलं नसेल. "गेलं," ते पुटपुटले. "इथेही काही नाही."

मॅडम मात्र गुडघ्यांवर बसून बुंध्यापाशी भिंग लावून बघत होत्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली. इस्त्रीवाल्याचा चहा आला आणि गार झाला. मग त्या न वळता म्हणाल्या, "काका, इकडे या. हे बघा, एक आहे. इथे आणखी एक. अख्ख्या कुंपणावर मिळून पाच-पंचवीस असतील."

"एवढेच?"

"एवढेच! अहो, तिकडे एका पानावर पाचशे असतात. एवढी मोठी जास्वंद, कोणी औषध मारलेलं नाही, आणि ढेकूण फक्त पाच-पंचवीस? मग बाकीचे गेले कुठे? कोणीतरी खातंय त्यांना." त्यांनी चिमट्याच्या टोकाने एक ढेकूण दाखवला. तो पांढरा नव्हता. फुगून तपकिरी, टणक झाला होता, आणि त्याच्या पाठीला सुईच्या टोकाने पाडावं तसं एक गोल भोक होतं. आतलं कोणीतरी जेवून बाहेर पडलं होतं.

काकांची बायको वाकून म्हणाली, "हेच ते. खसखशीवालं."

आठ फांद्या आठ बरण्यांत आल्या. इस्त्रीवाल्याला झाड न तोडण्याबद्दल मॅडमनी इतकं काही ऐकवलं की बिचाऱ्याने चादरींच्या दोऱ्याच दुसऱ्या भिंतीला नेल्या. बरण्या ऑफिसात आल्या, वर तलम कापड बांधलं गेलं, आणि काका त्यांच्यापुढे स्टूल टाकून बसले. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी त्यांनी घरून डबा मागवून घेतला. चौथ्या दिवशी सकाळी साडेदहाला तिसऱ्या बरणीच्या काचेवर पितळेचा एक कण चालताना दिसला.

काका ओरडले नाहीत. त्यांनी मॅडमच्या दारावर नुसती टकटक केली.

मॅडमनी सूक्ष्मदर्शकाखाली एका बाजूला जुनी टाचणी ठेवली आणि दुसऱ्या बाजूला नवी माशी. पंखांवरच्या शिरा, मिशांचे सांधे, पायांचा रंग. वीस मिनिटं गेली. मग मॅडमनी डोळे वर केले. डोळ्यांत पाणी होतं आणि त्या हसत होत्या. "हीच. काका, हीच आहे."

काका स्टुलावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. लाज वाटली नाही. एकतीस वर्षं छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं होतं, आणि इतकं मोकळं वाटत होतं की आता करायचं काय हेच कळेना. संध्याकाळपर्यंत एकोणीस माश्या निघाल्या. तिकडे कळवलं गेलं, आणि तिकडून उत्तर आलं की फवारणी थांबवली आहे, माश्या पाठवा. लगेच शेतात सोडायच्या नव्हत्या. आधी बंद खोल्यांत वाढवून दुसऱ्या कोणा निरुपद्रवी किड्याला त्या त्रास देत नाहीत ना हे तपासायचं होतं, त्याला काही महिने जाणार होते. पण मार्ग सापडला होता, आणि तो विषातून जाणारा नव्हता.

माश्या गेल्या. मग मॅडमनी ते 'नंतर' काढलं. काका त्याचीच वाट बघत होते.

आधी त्या टाचणीचं लेबल. काकांना वाटलं, जुनं काढून नवं लावायचं. मॅडमनी त्यांचा हात धरला. "जुनं काढायचं नसतं. त्याच्याखाली नवं लावायचं. हे मला कोणी शिकवलं?" काकांनी मग नवा कागद कापला आणि लिहिलं: राहतं घर, मागचं अंगण, कुंडीतली जास्वंद. 'कोणाला सापडली' याच्यापुढे त्यांनी सवयीने स्वतःचं नाव लिहायला घेतलं आणि थांबले. त्या जागी त्यांनी बायकोचं नाव लिहिलं. घरी सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, की उशीर झाला, पण बरं झालं.

आणि दुसरं म्हणजे बाकीची लेबलं. मॅडमनी लोखंडी कपाटातून मोठ्या साहेबांच्या वेळच्या नोंदवह्या काढल्या. कोणी कुठून काय आणलं, हे आल्या आल्या साहेब स्वतःच्या हाताने त्यांत लिहून ठेवत, मागाहून पडताळून बघत, आणि काही चुकीचं दिसलं तर समासात नोंदत. कीटकसंग्रहालयाच्या वह्या, आणि त्यांचे कोपरे वाळवीने खाल्लेले! "माझा तुमच्यावर विश्वास आहे, काका," मॅडम म्हणाल्या, "पण उद्या कोणी मला विचारलं तर मला 'विश्वास' असं उत्तर देता येणार नाही." काकांना ते पटलं. त्यांच्या जागी ते असते तर त्यांनीही हेच केलं असतं. मॅडम डोळे मिटून कुठलाही खण ओढत, लेबल वाचत, काका वहीतलं पान काढत. दोन दिवस हे चाललं. दोनशे लेबलं झाली, तीनशे झाली. डोंगर डोंगराला जुळला, ओढा ओढ्याला, तारीख तारखेला. एकदासुद्धा चूक सापडली नाही, एकाही समासात टीप नव्हती. तीनशेविसाव्या लेबलाला मॅडमनी खण बंद केला आणि म्हणाल्या, "पुरे. मला पुरे झालं." काकांचे खांदे कधी नव्हे ते खाली आले.

"आता फक्त ती एक नोंद दुरुस्त करू," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी एकतीस वर्षांपूर्वीची वही ओढली. पान सापडलं. निळ्या शाईत साहेबांचं तिरपं अक्षर: डोंगराचं नाव, पूर्वेचा उतार, तीन माश्या. मॅडमनी काही लिहायला पेन टेकवलं आणि तशाच थबकल्या. मग त्यांनी वही फिरवून काकांच्या पुढे सरकवली.

समासात शिसपेन्सिलीने, फिकट, पण स्पष्ट लिहिलं होतं: "हे ठिकाण बरोबर नाही. तो सांगेल." खाली साहेबांची सही आणि तारीख. काकांनी ती तारीख दोनदा वाचली. मुलीच्या पहिल्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवसाची होती.

त्यानंतर साहेब अठरा वर्षं जगले होते. रोज समोरासमोर बसले होते, शेकडो लेबलं काकांच्या हातून तपासून घेतली होती, आणि चष्म्यावरून बघत असताना एकदाही विचारलं नव्हतं. वाट बघितली होती.

"आधीच ही वही उघडली असती, तर माझे एकवीस दिवस वाचले असते," मॅडम हळूच म्हणाल्या. "पण तुमचं लेबल असल्यावर वही कोण उघडतं?"

काकांनी खिशातून पेन्सिल काढली. टोक नीट केलं. साहेबांच्या ओळीखाली, आजवर कधी लिहिलं नव्हतं इतक्या मोठ्या अक्षरात, त्यांनी आजची तारीख घातली आणि लिहिलं, "सांगितलं."